पाय घसरला, पण दोष कोणाचा?

गेल्या व्याख्यानात आपण हेतू आणि कृती यांच्या संबंधाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, ज्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, ज्याने काही केलंसुद्धा नाही, त्याला आपण दोषी कसं धरतो?" त्या दिवशी वेळ संपली होती. आज त्याच प्रश्नाकडे येऊ, पण ग्रंथातून नाही, एका दुकानाच्या फरशीवरून.

आमच्या थोरल्या ताई आज ८१ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीला सुनेबरोबर एका मोठ्या दुमजली दुकानात गेल्या. खाली किराणा, वर कपडे, सगळीकडे गारेगार एसी आणि आरशासारखी फरशी. एका कोपऱ्यात एसीतून पाणी गळत होतं. त्याखाली कोणीतरी निळी प्लास्टिकची बादली ठेवलेली. बादली भरली, पाणी काठावरून ओघळलं, पांढऱ्या फरशीवर पसरलं. पांढऱ्या टाइल्सवर पाणी दिसत नाही हो. ताईंचा पाय गेला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पाच महिने अंथरुणात गेले, आणि तेव्हापासून हातात वॉकर आहे.

दुकानदार वाईट नव्हता. खुर्ची आणली, पाणी दिलं, ऑटो बोलावून दिला, दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारपूससुद्धा केली. भाचा म्हणाला, "मामा, नोटीस देऊ." आम्ही ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, माझंच लक्ष नव्हतं. चपलेचा तळ झिजला होता. त्याची काय चूक?" विषय तिथेच संपला. घरापुरता संपला, आमच्या डोक्यातला नाही संपला.

आधी आपली भाषा बघा. "माझा पाय घसरला." या वाक्यात कर्ता कोण? पाय! आणि पाय कोणाचा? माझा. "दुकानाने मला पाडलं" असं मराठीत कोणी म्हणत नाही. म्हटलं तर लोक हसतील. घसरणे हे अकर्मक क्रियापद आहे, त्यात दुसऱ्या कोणाला जागाच नाही. म्हणजे तक्रार तोंडातून निघण्याच्या आत व्याकरणाने निकाल देऊन टाकलेला असतो. ताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्याजवळ जी भाषा होती त्या भाषेत बोलत होत्या.

आता "निष्काळजीपणा" हा शब्द घ्या. काळजी या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक चिंता आणि दुसरा जपणूक. ज्याला चिंता नाही तो निष्काळजी, आणि जो जपत नाही तोही निष्काळजी. पहिल्या अर्थाने तो सुखी माणूस आहे, दुसऱ्या अर्थाने अपराधी. इंग्रजीतला निग्लिजन्स हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी अर्थ आहे न उचलणे, न वेचणे. आम्हाला तो अर्थ इथे फार चपखल वाटतो. जे उचलायला हवं होतं ते उचललं नाही. बादली उचलली नाही.

पण इथे तत्त्वज्ञानाची खरी अडचण उभी राहते. न उचलणं ही काही घटना नाही, तो घटनेचा अभाव आहे. अभाव कारण कसा होईल? जे नाहीच, त्याने हाड कसं मोडेल? हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार बारकाईने हाताळला आहे. वैशेषिकांच्या यादीत पुढे अभाव हा सातवा पदार्थ म्हणून मान्य झाला, आणि नैयायिकांनी कारणांमध्ये प्रतिबंधकाचा अभावही धरला. अग्नी जाळतो, कारण त्याला अडवणारं काही तिथे नाही. ते "नसणं" हाही कारणसामग्रीचा भाग आहे. त्या हिशोबाने पाणी आहे, गुळगुळीत फरशी आहे, चालणारी बाई आहे, आणि पुसणारा नाही. चारही मिळून पडणं घडतं.

मग कोणी म्हणेल, पुसणारे तर तुम्हीही नव्हता! आम्ही त्या वेळी घरी चहा पीत होतो, आम्हीही ते पाणी पुसलं नाही. मग आमचा अभाव कारण का नाही? तर्काने पाहिलं तर आमचा अभाव आणि दुकानदाराचा अभाव सारखेच दिसतात. फरक एकाच गोष्टीने पडतो. ते पुसणं कोणाचं काम होतं? म्हणजे कारणाचा प्रश्न सोडवायला निघालो आणि कर्तव्याच्या दाराशी येऊन थांबलो. कायदासुद्धा बरोबर याच दाराने आत येतो.

कायद्यातली मांडणी तशी साधी आहे. कर्तव्य होतं का, ते मोडलं का, आणि मोडल्यामुळे इजा झाली का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर भरपाई.

कर्तव्य कोणाबद्दल असतं, यावर सगळ्यांत गाजलेला खटला स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावचा. १९२८ च्या ऑगस्टमध्ये एका बाईला मैत्रिणीने कॅफेत जिंजर बिअर घेऊन दिली. काळपट काचेची बाटली. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर आतून कुजलेली गोगलगाय निघाली, असं तिचं म्हणणं. तिने स्वतः पैसे दिले नव्हते, म्हणून करार तिचा कोणाशीच नव्हता. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं की बाटली भरणाऱ्या कारखानदाराचं कर्तव्य तिच्याबद्दलही आहे. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी तिथे प्रश्न केला, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं की माझ्या वागण्याने ज्याला झळ पोचेल हे मला आधी दिसायला हवं, तो. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत असलेला नव्हे. आमच्या ताई त्या दुकानदाराच्या शेजारी होत्या, त्याने त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नसलं तरी.

जागेच्या मालकाबद्दल याच्याही आधी, १८६६ मध्ये, इंग्लंडमध्ये निकाल झाला होता. साखरेच्या कारखान्यात गॅसचं काम करायला आलेला कारागीर उघड्या, कठडा नसलेल्या खड्ड्यात पडला. कोर्ट म्हणालं, धंद्याच्या कामाने जो तुमच्या जागेत येतो त्याला, तुम्हाला माहीत असलेल्या किंवा माहीत असायला हव्या अशा धोक्यापासून जपणं तुमच्यावर आहे. "माहीत असायला हव्या" हे शब्द लक्षात ठेवा. इंग्लंडने १९५७ मध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा वेगळा कायदाच केला. आपल्याकडे तसा कायदा आजही नाही. आपली न्यायालयं जुन्या निकालांच्या आधाराने चालतात.

आता "माहीत असायला हवं होतं" हे ठरवायचं कसं? इथे आम्ही तुम्हाला केळीच्या सालांच्या दोन गोष्टी सांगतो. हसू नका, दोन्ही खऱ्या आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या. १९०१ मध्ये एक माणूस रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर केळीच्या सालावरून पडला. न्यायमूर्ती होम्स यांनी अगदी मोजक्या ओळींत दावा फेटाळला. कारण? ते साल एक मिनिट आधी उतरणाऱ्या एखाद्या प्रवाशाने टाकलं असू शकतं, मग रेल्वेने करायचं काय? दहा वर्षांनी, १९११ मध्ये, तशीच एक बाई पडली आणि ती जिंकली. फरक कशात? तिच्या पायाखालचं साल काळं पडलेलं, वाळलेलं, चपटं झालेलं, मातीने भरलेलं होतं. म्हणजे बराच वेळ तिथे होतं. त्याचा रंग हीच साक्ष झाली.

१९७६ चा इंग्लंडचा एक निकाल आम्हाला याहून मोलाचा वाटतो. लिव्हरपूलच्या एका टेस्को दुकानात एक बाई सांडलेल्या दह्यावरून घसरली. दही किती वेळ पडलेलं होतं हे तिला सांगता येईना. बरं, बाई मोठी खमकी! तीन आठवड्यांनी त्याच दुकानात गेली, तर खाली सरबत सांडलेलं दिसलं. पाव तास लक्ष ठेवून उभी राहिली, पुसायला कोणी आलं नाही. अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तिथे काही ना काही सांडणं रोजचंच होतं, तेव्हा आपली व्यवस्था नीट होती हे दुकानाने दाखवावं, बाईने दह्याचं वय सांगत बसू नये. भरपाई मिळाली सुमारे १३७ पौंड. पण विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांचं म्हणणंही विचार करण्यासारखं आहे. ते म्हणाले, दुकानाने कितीही काळजी घेतली असती तरी हा अपघात होऊ शकला असता. हा मुद्दा खोटा नाही. प्रश्न एवढाच की ही शंका कोणाच्या पदरात टाकायची, पडलेल्याच्या की पाणी सांडू देणाऱ्याच्या?

आता ताईंच्या बादलीकडे परत या. साल किती जुनं, दही किती वेळचं, हे सगळे प्रश्न "दुकानाला ठाऊक होतं का" यासाठी आहेत. इथे तर बादली ठेवली होती! बादली आपोआप चालत येत नाही. ज्याने ती ठेवली त्याला गळती ठाऊक होती, आणि ती भरली की सांडणार हेही ठाऊक होतं. दुकानदाराला ती आपली सावधगिरी वाटली असेल. आम्हाला विचाराल तर ती त्याची कबुली होती.

भारतातले निकाल बघू. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अशी इमारत पडते तेव्हा घटना स्वतःच बोलते, नेमकी चूक काय ते वारसांनी शोधत बसायची गरज नाही. इमारत ८० वर्षांची होती आणि त्या प्रकारच्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. दोष उघड होता की आत दडलेला, याने नगरपालिकेची सुटका होत नाही. पण राजकोटला रस्त्यावरचं झाड अंगावर पडून माणूस गेला, त्या प्रकरणात १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. घंटाघर आणि झाड यांत फरक आहे खरा, पण मरणाऱ्याच्या बायकोला तो समजावून सांगणं कठीण.

१९९७ च्या १३ जूनला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसं गेली. तो खटला २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. उच्च न्यायालयाने ठरवलेली १८ आणि १५ लाखांची भरपाई १० आणि साडेसात लाखांवर आली, दंडात्मक रक्कम अडीच कोटींवरून २५ लाखांवर. आणि आपल्या गोंदियात डिसेंबर २०१६ मध्ये बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागून सात जण गेले, तो दिवस इथल्या कोणाला आठवत नाही? मोठ्या दुर्घटनेत निदान पंचनामा होतो, चौकशी बसते, वर्तमानपत्रं लिहितात. मोडलेल्या खुब्याचा पंचनामा करायला कोण येतं? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. रस्त्यावर पडलात तर निदान एवढा आकडा आहे. गाडीने उडवलं तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे, विमा कंपनी आहे. दुकानाच्या फरशीसाठी असं वेगळं काहीच नाही.

मग जायचं कुठे? एक वाट ग्राहक आयोगाची. २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यात सेवेतली कमतरता म्हणून तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र ठरतं ते तुम्ही दिलेल्या पैशावरून, नुकसानावरून नाही. म्हणजे १,२०० रुपयांची साडी घेतली आणि ऑपरेशनला लाखो गेले, तरी तक्रार जिल्हा आयोगातच. आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. नवीन कायद्याची मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. आपल्याकडे मॉल बघायला लोक नागपूरला जातात. तिथे पडलात तरी गोंदियात तक्रार होते. बालाघाटहून आपल्या बाजारात आलेली बाई बालाघाटलाच तक्रार करू शकते. मुदत मात्र दोन वर्षांची.

अडचण बिलाची आहे. ग्राहक म्हणजे पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. आत शिरताच, काही घेण्याआधीच पडलात तर? दुकानाचा वकील पहिला प्रश्न हाच करेल. ताईंच्या बाबतीत बिल झालं होतं, पण सुनेच्या नावाने. कायद्यात, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक धरला आहे, तेव्हा तेवढ्याने दार बंद होत नाही. गोगलगायीच्या बाईची आठवण येते ना? नुसतं बघायला आलेल्याला मात्र दिवाणी न्यायालयाची वाट उरते. ती लांबची आहे, आणि तिथे कोर्ट फी आहे.

पिवळ्या पाटीबद्दलही विचारलं जातं. "फरशी ओली आहे" अशी पाटी ठेवली की दुकान सुटलं का? पाटी वाचणाऱ्यासाठी असते. आमच्या बाजारात सालेकशाहून, देवरीहून माणसं येतात, घरी गोंडी बोलतात, पोवारी बोलतात, आणि पाटी इंग्रजीत! ती मालकाने वकिलासाठी लावलेली पाटी आहे. "आम्ही जबाबदार नाही" या पाट्यांचंही तेच. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलने पार्किंगला लावायला घेतलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा पावतीवर "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर नुसत्या छापील ओळीने हॉटेलची सुटका होत नाही.

आणि चपलेचा झिजलेला तळ? तोही कायदा बघतो. पडणाऱ्याचाही वाटा असेल तर भरपाई त्या मानाने कमी होते. पण कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे. ताईंनी स्वतःचा वाटा पूर्ण शंभर टक्के धरला, ही त्यांची चूक. दुकान सगळ्यांसाठी उघडं आहे, त्यात ७८ वर्षांची बाईही येणार, झिजलेली चप्पलही येणार. फक्त धडधाकट, नव्या बुटातल्या तरुणांसाठी फरशी सुरक्षित असून भागत नाही.

भरपाई किती, हा शेवटचा आणि आम्हाला सगळ्यांत बोचणारा भाग. कमाई नसलेल्या बाईच्या पाच महिन्यांची किंमत काय? जमशेदपूरला १९८९ मध्ये झालेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. धरली हे मोठंच पाऊल होतं. पण वयस्कर बायकांसाठी आकडा त्याहून कमी केला. ताई पडल्या त्या दिवाळीत आमच्या घरी अनारसे झाले नाहीत, नातवाचा अभ्यास कोणी घेतला नाही, त्यांच्या उशाला बसायला सुनेने शिलाईची कामं सोडली. हे कोणत्या बिलात लिहायचं?

श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. एक वाचतो. "सर, पडल्यावर लगेच काय करावं?" आम्ही वकील नाही, पण जे उशिरा शिकलो ते सांगतो. फरशीचा आणि आजूबाजूचा फोटो घ्या, बादली दिसली पाहिजे. ती चप्पल धुऊ नका, टाकू नका. बिल जपा, डॉक्टरांना "दुकानात पडून" असं कागदावर लिहायला सांगा. आणि दोन-तीन दिवसांत दुकानाला लेखी कळवा की सीसीटीव्हीचं चित्रण पुसू नका. त्यावर नवीन चित्रण चढत जातं, मग काही उरत नाही. भांडायचं की नाही ते नंतर ठरवा, पण ठरवण्याचा हक्क हातात ठेवा. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

दुसरी चिठ्ठी. "दुकानदार भला माणूस असेल तर त्याच्यावर दावा करणं बरं का?" छान प्रश्न आहे. थॉमस नेगेल यांनी १९७० च्या दशकात नैतिक दैव ही कल्पना मांडली, ती इथे लागते. समजा दोन दुकानं आहेत, दोन्हीकडे भरलेली बादली आहे. एकीकडे कोणी पडलं, दुसरीकडे नाही. दोघे मालक सारखेच बेफिकीर, पण एकाला नोटीस येते आणि दुसरा निवांत झोपतो. नीती दोघांनाही विचारेल, कायदा फक्त पहिल्याला. म्हणून दाव्याकडे माणसाच्या चारित्र्याचा निकाल म्हणून बघू नका. हाड मोडलंय, खर्च झालाय, तो कोणाच्या खिशातून जावा एवढाच तो हिशोब आहे. भला दुकानदार विमा काढू शकतो. ताईंना खुब्याचा विमा कोण देणार होतं?

तिसरी चिठ्ठी आमच्या जुन्या विद्यार्थ्याची दिसते, त्याचं स्वतःचं छोटं किराणा दुकान आहे. "सर, माझ्याकडे नोकर नाही, पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या पायाने चिखल येतोच. मी काय करू?" बाबा, तुझ्याकडून कोणी मॉलसारखी व्यवस्था मागणार नाही. कायदा वाजवी काळजी मागतो, आणि वाजवी काय ते दुकानाच्या ऐपतीवर आणि धोक्याच्या आकारावर ठरतं. दाराशी पोतं टाक, दर तासाला एकदा पोछा मार, आणि आपल्या अर्ध्या जिल्ह्याला वाचता येईल अशा मराठीत लिही, "जपून". आणि एसी बसवलास तर पाण्याची नळी गटारापर्यंत ने. बादली ठेवू नकोस.